शाखेतला डेस्कटॉप बेळगावातून हाकायचा: एक्सआरडीपी, टायगरव्हीएनसी की एक्स११व्हीएनसी?

मुख्य कचेरी बेळगावात आणि शाखा निपाणी, खानापूर, चिक्कोडीला, अशी मांडणी आपल्याकडच्या कितीतरी पतसंस्थांची आहे. शाखेत लिनक्सचं एक मशीन असतं आणि ते सांभाळणारा माणूस बेळगावात. रिमोट डेस्कटॉपचा सर्व्हर, म्हणजे शाखेतल्या मशीनचा पडदा दुरून दाखवणारा आणि हाकू देणारा प्रोग्राम, निवडताना बहुतेक जण पडदा किती झकास दिसतो ते बघतात. माझी पहिली कसोटी वेगळी आहे. ऐन पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडची लाइन मलूल झाली की डेस्कटॉपचं चित्र येईनासं होतं, पण एसएसएच (दूरच्या मशीनला टंकून हुकूम देण्याची सुरक्षित जोडणी) तग धरतं, कारण त्यातून नुसती अक्षरं जातात. तेव्हा टर्मिनलमधून जो सर्व्हर नीट हाकता येतो, तोच घ्यावा.

त्याआधी एक ठरवा: शाखेतल्या माणसासमोर आहे तोच पडदा बघायचा आहे, की स्वतःचं वेगळं सत्र हवं?

समजा, काउंटरवर पासबुक प्रिंटरची खिडकी अडकून बसलीय आणि समोर खातेदारांची रांग आहे. इथे कर्मचाऱ्याला दिसतोय तोच पडदा लागणार, आणि ते काम एक्स११व्हीएनसीचं. एसएसएचने आत जाऊन डिस्प्ले शून्य (मशीनचा मूळ पडदा), ‘ऑथ गेस’ (त्या पडद्याची परवानगी आपोआप शोधणारा पर्याय) आणि पासवर्डची फाइल देऊन ते सुरू करायचं. ‘फॉरएव्हर’ हा पर्याय जोडाच. तो नसला तर पहिला जोडलेला माणूस बाहेर पडताच सर्व्हरही बंद होतो. मला यातला ‘रिमोट’ पर्याय फार मोलाचा वाटतो, कारण चालू सर्व्हरला दुसऱ्या टर्मिनलवरून हुकूम देता येतात. ‘स्केल’ तीन-चतुर्थांश केलं की चित्र लहान होतं आणि लाइनवरचा भार उतरतो. ‘व्ह्यूओन्ली’ लावलं की तुम्ही नुसतं बघता, माउस कर्मचाऱ्याच्याच हातात राहतो. ‘स्टॉप’ म्हटलं की सर्व्हर बंद. हे सगळं पडदा न दिसताही करता येतं.

अडचण एवढीच की हा गडी एक्स११ ही लिनक्सची जुनी पडदा-व्यवस्था सोडून कुठे चालत नाही. नवीन उबुंटूवर तिच्या जागी वेलँड असतं. तिथे ग्नोमचाच (उबुंटूच्या डेस्कटॉपचा) रिमोट डेस्कटॉप वापरा. त्याची जीआरडीसीटीएल ही कमांड आहे. तिच्यातून आरडीपी (विंडोजची रिमोट डेस्कटॉपची पद्धत) चालू करणं, नाव-पासवर्ड देणं, स्थिती बघणं सगळं होतं. २०२४ च्या ग्नोम ४६ पासून तर शाखेत कोणी लॉगिन केलेलं नसलं तरी बाहेरून लॉगिन करता येतं.

स्वतःचं वेगळं सत्र हवं असेल तर टायगरव्हीएनसी बघा. डिस्प्ले १ म्हणजे पोर्ट ५९०१, २ म्हणजे ५९०२, असा सरळ हिशेब. लाइन तुटली तरी सत्र तिथेच जिवंत राहतं. परत जोडलात की अर्धवट भरलेला तक्ता जागच्या जागी. व्हीएनसीकॉन्फिग या कमांडने चालू सर्व्हरची सेटिंग्ज वाचता आणि बदलता येतात, जोडलेल्यांना बाहेरही काढता येतं. मात्र जुने लेख वाचून कमांड टंकू नका. २०२० च्या १.११ आवृत्तीपासून ते सिस्टिमडीच्या (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) सेवेसारखं चालवायचं ठरलं आहे, आणि फेडोरा व डेबियन या लिनक्स वितरणांत पद्धत सारखी नाही. आधी आपल्या वितरणातलं या कमांडचं मॅन पान (माहितीपान) उघडा.

शाखेतले तिघे-चौघे आपापल्या विंडोज मशीनवरून एकाच लिनक्स सर्व्हरवर बसणार असतील, तर एक्सआरडीपीला तोड नाही. विंडोजमध्ये लागणारं साधन आधीच असतं आणि लॉगिन त्याच लिनक्स खात्यांनी होतं. पण चालू असताना हाकायला हे तिघांत सर्वांत अवघड. सेसमनच्या (एक्सआरडीपीच्या सत्र सांभाळणाऱ्या भागाच्या) आयएनआय फाइलमध्ये किती सत्रं चालू द्यायची, तुटलेलं सत्र किती वेळ ठेवायचं, ते लिहायचं आणि सेवा पुन्हा सुरू करायची. त्यात जोडलेले सगळे तुटतात, म्हणून हा उद्योग काउंटर बंद झाल्यावरच. आणखी एक: मूळ धोरणात वापरकर्त्यासोबत रंगांची खोलीही जुळावी लागते. एका मशीनवर १६ बिट आणि दुसऱ्यावर २४ ठेवलंत, तर जुन्या सत्राऐवजी नवंच उघडतं आणि कर्मचारी म्हणतो, ‘माझं काम गेलं.’ गेलेलं नसतं, ते जुन्या सत्रात उघडंच असतं.

आपल्या भागात मराठी आणि कन्नड दोन्ही टंकावं लागतं, त्यामुळे कीबोर्डकडे जरा जास्त लक्ष द्या. व्हीएनसी (टायगरव्हीएनसी आणि एक्स११व्हीएनसीची पद्धत) दाबलेल्या अक्षराचं चिन्ह पाठवतं, आरडीपी (एक्सआरडीपीची) कळीचा क्रमांक. दोन्हीकडे इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा कीबोर्ड) लावलं की भलतीच अक्षरं उमटण्याचा संभव असतो. आपल्या मशीनवर इंग्रजी ठेवा आणि मराठी-कन्नडची अदलाबदल सर्व्हरवरच्या आयबसने (लिनक्समधल्या भाषा बदलण्याच्या साधनाने) करा. तिन्ही सर्व्हरवर हाच सुरक्षित मार्ग.

खातेदारांचे आकडे पडद्यावर असतात, म्हणून यात सूट नको: व्हीएनसीचं ५९०१ किंवा आरडीपीचं ३३८९ पोर्ट इंटरनेटवर थेट उघडं ठेवायचं नाही. व्हीएनसीच्या जुन्या पासवर्ड पद्धतीत पहिली आठच अक्षरं मोजली जातात, तिच्या भरवशावर राहू नका. सर्व्हर फक्त लोकलहोस्टवर (त्याच मशीनच्या आत) ऐकू द्या आणि एसएसएचच्या बोगद्यातून या. शाखेच्या जोडणीला सार्वजनिक आयपी नसेल तर वायरगार्ड (एक व्हीपीएन) किंवा शाखेकडून बाहेर उघडलेला उलटा एसएसएच बोगदा लावा.

म्हणून एका माणसाने शाखांना मदत करायची असेल तर मी एक्स११व्हीएनसी घेईन, रोजचं सामायिक काम असेल तर एक्सआरडीपी. टायगरव्हीएनसी माझ्यासारख्या एकट्या सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या वेगळ्या सत्रासाठी. निवड कोणतीही करा, सेवा सिस्टिमसीटीएलने ‘एनेबल’ करा आणि वीज परतल्यावर मशीन आपोआप चालू होईल असं बायोसमध्ये लावा. मग शाखेतून निघण्याआधी मशीन रीतसर बंद करून वीज तोडा, पुन्हा जोडा, आणि शाखेचं वायफाय सोडून मोबाइलच्या डेटावरून आत जाता येतं का ते बघा. आत जाता येत नाही हे निपाणीहून परत आल्यावर कळलं, तर पुन्हा गाडी काढावी लागते.