लाकडी लुअर घडवायचा: चाकू, लेथ की राउटर?

खाडीवर जिताडा आणि तांबोशी या माशांच्या मागे फिरणाऱ्या तिघा मित्रांनी या पावसाळ्यात मला एकच प्रश्न विचारला. लाकडी लुअर, म्हणजे माशाला भुलवणाऱ्या नकली मासोळ्या, घरी करायचेत, तर राउटर घ्यावा का? तिघांनाही मी आधी उलट विचारलं की वर्षाला किती करणार आणि कोणत्या आकाराचे. सुताराचा राउटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने (बिटने) लाकूड कोरणारं मशीन, फिरतो तो दाराच्या चौकटीवर, टेबलाच्या कडेवर, म्हणजे जागचं न हलणाऱ्या जड लाकडावर. लुअरचा ठोकळा १० सेंटिमीटर लांब, दोन बोटं रुंद आणि वजनाला जेमतेम २०-२५ ग्रॅम. बिटने तो पकडला तर अडवायला त्याच्याजवळ वजनच नाही. तो उडतो, आणि तो धरणारी बोटं त्याच्या जागी जातात.

म्हणून मशीन कोणतंही घ्या, माझी एक अट आहे. बिट फिरत असताना लुअर हा सुटा, लहान तुकडा असता कामा नये.

चाकूपासून सुरुवात करू. फिनलंडच्या लाउरी रापाला या मच्छीमाराने १९३६ साली आपला पहिला यशस्वी लुअर चांभाराच्या चाकूने बुचातून कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली. पाण्यात मासोळी कशी डोलते हे त्याने बघितलं होतं, आणि तेवढ्यावर त्याचं काम झालं. चाकू, अर्धगोल कानस आणि ८०, १२०, २४० नंबरचा पॉलिश पेपर एवढ्यावर आजही उत्तम लुअर होतो. मला एकाला तास-सव्वा तास लागतो. धोका आहे तो अंगठ्याला, पण हाताला जोर कळतो, चूक होताना दिसते. अंगठ्यावर चामड्याची टोपी चढवली की बराचसा धोका संपतो. उणीव एकच: दोन लुअर हुबेहूब सारखे होत नाहीत. एखादा अप्रतिम चालला आणि खडकात तुटला, तर तसाच दुसरा करणं कठीण.

लेथ, म्हणजे आपलं कातकाम. पॉपर किंवा पेन्सिल या जातीचा, गोल अंगाचा लुअर हवा असेल तर याच्यापुढे राउटरचा विचारही करू नका. लाकूड दोन टोकांना घट्ट धरलेलं असतं, हात हत्यार टेकवायच्या आडीवर टेकलेला असतो. दोन टोकांना वाया जाणारं लाकूड ठेवायचं आणि शेवटी कापायचं. पटाशी अडकली तर झटका बसतो, पण लुअरएवढ्या जाडीला तो सहज सोसवतो. सैल बाही, गळ्यातली साखळी आणि हातमोजे मात्र लेथवर अजिबात नकोत. पेपर मारताना तो बोटांभोवती गुंडाळू नका, चिमटीत धरा. अडचण अशी की लेथवर फक्त गोल होतं. जिताड्याला लागणारा चपट्या कुशीचा मिनो (बारक्या माशासारखा लुअर) लेथवर निघत नाही, आणि आपल्या खाड्यांत जास्त चालतो तोच.

आता राउटर. आपल्याकडे दुकानात मिळतो तो बहुधा सनमायका कापायचा ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर, ६ मिलिमीटरच्या कॉलेटचा (बिट पकडणाऱ्या चिमट्याचा). त्यातले बरेच मिनिटाला ३०,००० फेरे घेतात. म्हणजे सेकंदाला ५००, आणि बिटला दोन धारा असतात म्हणून सेकंदाला १,००० घाव. २५ मिलिमीटर व्यासाच्या बिटची धार ताशी सुमारे १४० किलोमीटरने पळते. तेवढ्याच जाडीचा लुअर लेथवर २,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याचा वेग याच्या पंधराव्या हिश्शाएवढा. चाकूसारखं 'लागलं की हात मागे घेऊ' हे इथे चालत नाही.

ट्रिमर हातात धरून वापरायचा म्हटलं तर एक चांगली गोष्ट आहे, दोन्ही हात मशीनवर असतात. पण त्याचा तळ चांगला हातभर नसला तरी लुअरपेक्षा बराच रुंद असतो. अरुंद ठोकळ्यावर तो डुगडुगतो, कलतो आणि पोटाला खड्डा पाडतो. उपाय आहे: ठोकळा मोठ्या फळीवर खालून स्क्रूने घट्ट करायचा आणि दोन्ही बाजूंना त्याच जाडीच्या पट्ट्या ठोकायच्या, म्हणजे तळाला टेकू मिळतो. पण बिट फिरायला मध्ये जागा सोडावी लागते, प्रत्येक कडेसाठी मांडणी बदलावी लागते. चार लुअरमध्येच कंटाळा येतो, आणि कंटाळलेला माणूस स्क्रू लावायचं टाळतो. घरात ट्रिमर आधीच असेल तर करून बघा. या कामासाठी म्हणून घेऊ नका, असं माझं मत.

तोच ट्रिमर टेबलाखाली उलटा बसवला की गोष्ट बदलते. इथे धोका सगळ्यात जास्त, कारण हात लाकडावर असतात, आणि एकसारखं कामही सगळ्यात चांगलं इथेच होतं. माझी पद्धत सविस्तर सांगतो.

लाकूड १८ मिलिमीटर जाडीचं. बाजूने मिनोचा आकार करवतीने कापायचा, पण तोंडाला आणि शेपटीला दीड-दोन सेंटिमीटरच्या शेंड्या ठेवायच्या. या शेंड्यांतून ठोकळा एका ३० सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद फळीच्या खालच्या बाजूला दोन स्क्रूंनी आवळायचा. फळीवर, कडेपासून लांब, दोन मुठी. आता हातात २० ग्रॅमचा तुकडा नाही, चांगली जड फळी आहे, आणि बोटं बिटपासून वीतभर दूर आहेत. ६ मिलिमीटर त्रिज्येची, वर बेअरिंग (लाकडाच्या कडेला टेकून फिरणारं चाक) असलेली गोलाईची बिट टेबलावर १४ मिलिमीटरच्या आसपास वर येते. ठोकळा १८चा असल्यामुळे फळी बिटच्या डोक्यावरून अलगद जाते आणि बिट झाकलेली राहते. मशीन बंद असताना, प्लग काढून, हे अंतर आधी तपासा.

त्रिज्या ६च का, ९ का नाही? ९ घेतली तर पहिली कड गोल झाल्यावर दुसऱ्या कडेच्या वेळी बेअरिंगला टेकायला सपाट जागाच उरत नाही. ते आत घुसतं आणि पाठ खाल्ली जाते. ६ घेतली की मध्ये ६ मिलिमीटरची पट्टी शिल्लक राहते. ती नंतर कानशीने पाच मिनिटांत जाते.

याच कारणाने पोटात वजनाचं शिसं भरायची भोकं आधी पूर्ण मापाची पाडू नका. ६ मिलिमीटरच्या भोकात बेअरिंग गचका खातं. ठोकळा चौकोनी असतानाच बारीक भोकं पाडून खुणा करा आणि गोलाई झाल्यावर मोठी करा. हुक अडकवायच्या तारेसाठी करवतीने मारलेली दीड मिलिमीटरची खाच चालते, बेअरिंग तिच्यावरून सरळ जातं.

टेबलावर बिट वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. म्हणून लाकूड तुमच्या आणि बिटच्या मध्ये असेल तर ते उजवीकडून डावीकडे ढकलायचं. उलट ढकललं तर बिट लाकूड हातातून ओढून नेते. सुरुवातीला टेबलातल्या खुंटीला फळी टेकवा, मग हळूहळू बेअरिंगवर आणा. एका दमात ६ मिलिमीटर घेऊ नका, आधी ३. शेपटीजवळ लाकडाची नस तिरकी निघते आणि तिथेच ढलपी उडते, म्हणून डोकं आणि शेपूट मी राउटरने करतच नाही, ते चाकूचं काम. हे शिकलो ते एक ठोकळा नुसत्या बोटांनी धरून शेपटीपर्यंत नेला तेव्हा. तो मागच्या भिंतीवर आदळून फुटला. बोटं वाचली, पण त्या दिवशी पुन्हा मशीन लावलं नाही.

बिट कॉलेटमध्ये तळापर्यंत घालून दोनेक मिलिमीटर वर ओढा, मग आवळा. डोळ्यांवर गॉगल, नाकावर मास्क, कानांत बोळे, हातमोजे नकोत. आणि आपल्या कोकणाची खास गोष्ट: वीज गेली की आधी बटण बंद करा, प्लग काढा. बऱ्याच ट्रिमरचं बटण एकदा सरकवलं की तसंच राहतं. अंधारात टेबल आवरत असताना वीज आली तर बिट आपोआप फिरू लागते. बटण टेबलाखाली हात घालून दाबावं लागत असेल तर समोर, मांडीजवळ, वेगळा स्विच बसवून घ्या.

आता निवड. वर्षाला दहाच्या आत करणार असाल तर चाकू आणि कानस, आणि वाचलेल्या पैशांत चांगले ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) घ्या. गोल लुअरच हवे असतील तर लेथ, किंवा ओळखीच्या कातारीकडून बैठकीला वीस नग कातून घ्या. एकाच मापाचे पंचवीस-तीस मिनो हवेत, आणि फळी, मुठी, खुंटी करायला एक अख्खा रविवार द्यायची तयारी आहे, तरच टेबल राउटर. फळीशिवाय नुसता राउटर घेणार असाल तर घेऊ नका, हे मी मित्रांनाही स्पष्ट सांगितलं. तिघांपैकी दोघे चाकूवर थांबले.

तिसऱ्याने लाकडाचं विचारलं. साग टिकतो, पण जड, आणि बिटची धार लवकर मारतो. पांगारा हलका, पाण्यावर सुरेख तरंगतो. सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वी त्याचीच होत. पण राउटरखाली त्याचे तंतू केसांसारखे उभे राहतात. कडेला पातळ व्हार्निशचा हात देऊन, वाळवून, मग नव्या धारेने शेवटचा अर्धा मिलिमीटर घेतला की ते साफ जातात. टेबल राउटरसाठी मला शिवण सगळ्यात आवडते: नस सरळ, ढलप्या कमी, आणि शिसं घातल्यावरही लुअर आडवा तरंगतो.