ओपन कलेक्टिव्ह: हिशेब चोख, वाटणीचं मात्र तुमचं तुम्ही बघा

स्वयंसेवकांनी उभ्या केलेल्या मुक्तस्रोत (ज्याचा कोड कुणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो अशा) सॉफ्टवेअर प्रकल्पाला कुणी पैसे देऊ केले की पहिली अडचण येते खात्याची. कायद्याच्या लेखी प्रकल्प ही ना व्यक्ती, ना संस्था. मग कंपनीने पैसे पाठवायचे कुणाला? प्रकल्प सांभाळणाऱ्या एका मेंटेनरच्या खासगी खात्यात घेतले तर करही त्याच्याच माथी आणि उद्याचा संशयही. ओपन कलेक्टिव्ह ही सेवा नेमकी हीच अडचण सोडवते, आणि ती चांगली सोडवते.

प्रकल्पाचं ‘कलेक्टिव्ह’, म्हणजे या सेवेवरचं पान, उघडून एखाद्या फिस्कल होस्टकडे, म्हणजे प्रकल्पाच्या वतीने पैसे सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे, अर्ज करायचा. मुक्तस्रोतवाले बहुधा ओपन सोर्स कलेक्टिव्ह या अमेरिकी ना-नफा संस्थेकडे जातात. पैसे तिच्या खात्यात जमा होतात, कंपन्यांना लागणारं बिल आणि कराची कागदपत्रं ती सांभाळते आणि जमा रकमेतले १० टक्के घेते. वेगळी संस्था नोंदवून दरवर्षी तिचे हिशेब सादर करत बसण्यापेक्षा हा सौदा स्वस्तच आहे.

छोट्या देणग्यांना मात्र कात्री जोरात लागते. अमेरिकी कार्डावर स्ट्राइप या कार्डाचे पैसे वसूल करणाऱ्या कंपनीचा नेहमीचा दर २.९ टक्के अधिक ३० सेंट. म्हणजे महिना ५ डॉलर देणाऱ्याचे ५० सेंट होस्टला, साधारण ४५ सेंट कार्डवाल्यांना, आणि प्रकल्पाच्या हाती उरतात जेमतेम ४.०५ डॉलर. तेच १०० डॉलर एकरकमी आले तर ८६.८० उरतात. त्यामुळे सुट्ट्या देणग्यांमागे धावण्यापेक्षा तुमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांकडे वर्षाची रक्कम एकदम मागावी आणि ती बँक ट्रान्सफरने घ्यावी. देणगीपेटीवर विसंबून काय होतं ते २०१४ मध्ये हार्टब्लीड या गाजलेल्या सुरक्षा-त्रुटीच्या वेळी दिसलंच: ती ज्यात सापडली त्या, अर्ध्या इंटरनेटचा भार वाहणाऱ्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरला तोवर देणग्यांतून वर्षाला सुमारे २,००० डॉलर मिळत होते.

पैसे बाहेर काढण्याची पद्धत या सेवेची सगळ्यात जमेची बाजू. काम करणारा खर्च दाखल करतो, कलेक्टिव्हचा अ‍ॅडमिन मंजुरी देतो, होस्ट तपासून पैसे पाठवतो आणि नोंद सगळ्यांना दिसते. खर्चाचे प्रकार मुख्यतः दोन. खिशातून केलेल्या खर्चाची भरपाई असेल तर पावती जोडावीच लागते. कामाचा मोबदला असेल तर इनव्हॉइस. घोळ होतो तो इनव्हॉइसमध्ये. नुसतं ‘डेव्हलपमेंट’ लिहिलं की होस्ट खुलासा मागतो आणि पैसे अडकतात. ‘मार्च महिना, इश्यू वर्गवारी आणि १४ पुल रिक्वेस्टचा रिव्ह्यू, २० तास’ असं लिहावं. (इश्यू म्हणजे नोंदवलेली तक्रार किंवा मागणी, पुल रिक्वेस्ट म्हणजे कुणी सुचवलेला कोडमधला बदल, रिव्ह्यू म्हणजे त्याची तपासणी.) अमेरिकेबाहेरच्या माणसाला डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरावा लागू शकतो. त्यावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव तंतोतंत जुळवून घ्यावं. आणि अ‍ॅडमिन किमान दोन तरी हवेतच. एकटा अ‍ॅडमिन गायब झाला तर पैसे समोर दिसतात, पण मंजुरी द्यायला कुणी नसतं.

आता खरा नाजूक भाग. कुणाला किती द्यायचं, याबाबत ही सेवा काहीच सांगत नाही. इथेच चांगले चांगले प्रकल्प फुटतात. काल फुकट काम करणारे दहाजण आणि आज त्यातल्या दोघांनाच पैसे, हे उरलेल्या आठजणांना लागतं, आणि ते लागणं रास्त आहे. म्हणून पहिला डॉलर येण्याआधी नियम लिहून रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या सामायिक साठ्यात, ठेवावा. कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेले बदल, मोजून पैसे देऊ नयेत. रिव्ह्यू, दस्तऐवज आणि सुरक्षेची खबर घेणारे त्यात हमखास मागे पडतात. इश्यूगणिक बक्षिसाचंही तेच: नवं फीचर करणाऱ्याला पैसे, ते पुढची पाच वर्षं सांभाळणाऱ्याला काही नाही. जावास्क्रिप्ट कोडमधल्या चुका शोधणाऱ्या ईएसलिंट या प्रकल्पाची पद्धत पाहण्यासारखी आहे. टीमला तासाच्या हिशेबाने मोबदला आणि बाहेरच्या योगदानकर्त्यांसाठी दरमहा वेगळी ठेवलेली रक्कम.

एक गोष्ट मनापासून आवडते: या व्यवस्थेत कोडच्या हक्कांना कुणी हात लावत नाही. ज्याने लिहिलं त्याचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो. कंपनीला हक्क लिहून देण्याचा दुसरा रस्ता कुठे जातो ते ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प या कंपनीने दाखवलं. टेराफॉर्म या आपल्या क्लाउड-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरसाठी बाहेरच्या योगदानकर्त्यांकडून कंपनी आधीच, त्यांचा कोड वेगळ्या परवान्याखालीही देण्याची मुभा देणाऱ्या करारावर सही घेत होती. मग परवाना एमपीएल या मुक्तस्रोत परवान्यावरून स्पर्धकांच्या वापरावर बंधन घालणाऱ्या बिझनेस सोर्स लायसन्सवर नेला आणि फुकट लिहून दिलेलं कामही त्याच बंधनाखाली गेलं. त्यातूनच ओपनटोफू हा फोर्क, म्हणजे जुन्या कोडवरून काढलेला वेगळा प्रकल्प, निघाला.

जोखीम होस्टची. जमा पैसा कायद्याने होस्टचा असतो, प्रकल्पाचा नव्हे. नावसाधर्म्य असलेल्या पण वेगळ्या ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने २०२४ मध्ये गाशा गुंडाळला, तेव्हा तिच्याकडच्या कलेक्टिव्हना मुदतीत दुसरं घर शोधावं लागलं. बाहेर पडताना शिल्लक कुठे आणि कोणत्या अटीवर हलवता येते, ते कलम करारात आधी वाचावं. वर्षभराच्या खर्चापेक्षा जास्त रक्कम साठवूही नये.

एकट्याचा प्रकल्प असेल तर एवढा खटाटोप नको. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाची देणगी-सेवा, गिटहब स्पॉन्सर्स, व्यक्तीने दिलेल्या पैशांतून शुल्क कापत नाही आणि कंपनीच्या खात्यावरून आलेल्यांवर ६ टक्क्यांपर्यंत घेते. तिघा-चौघांच्या पुढे टीम गेली की मात्र ओपन कलेक्टिव्हच.