डिग्रीचा वर्ग की पाबळची कार्यशाळा?

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रॅक्टिकल म्हणजे सीनिअरची जर्नल उतरवून काढणं. वेल्डिंगचा रॉड हातात आला तो जेमतेम पाच मिनिटं. गणित मात्र पक्कं झालं, आणि ते वर्गात बसल्याशिवाय झालं नसतं.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे आधी काम, मग धडा. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांनाही दार उघडं. वेल्डिंग, शेती, वीज, आहार असं सगळंच हाताने करून शिकायचं. साधं लोखंडी टेबल घ्या. अँगल (L आकाराची लोखंडी पट्टी) किती लागेल, वाया किती जाईल, मजुरी धरून किंमत काय पडेल, याचा हिशेब करावाच लागतो. काटकोन चुकला की टेबल डुगडुगतं. मग ३-४-५ चं माप लावून (बाजू ३ आणि ४, तर तिरपं अंतर ५ भरायला हवं) कोन तपासताना फळ्यावर कधीच न कळलेला पायथागोरस कळतो!

बऱ्याच सरकारी नोकऱ्यांना डिग्रीच लागते, तिथे पाबळचा उपयोग थोडा. पूल बांधायचा तर सखोल सिद्धांतही हवाच. पण बारावीनंतर गोंधळलेल्या मुलाला मी आधी वर्षभर कार्यशाळेतच पाठवीन. डिग्री नंतरही करता येते.