‘साठ पिशव्या उचलते’ म्हणून विकलेली पिकअप

"पाटे वाढवलेत, टायर नवे आहेत, कांद्याच्या साठ पिशव्या आरामात उचलते." एवढ्यावर विश्वास ठेवून दक्षिण सोलापुरातल्या एका कांदा उत्पादकाने ऐन डिसेंबरात, आवक जोरात असताना, १.३ टन माल नेण्याच्या क्षमतेची जुनी पिकअप घेतली. पन्नास किलोच्या साठ पिशव्या म्हणजे तीन टन. सहा आठवड्यांत चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) केबिनच्या मागे चिरली. गाडी जॅकवर घेऊन सगळी उघडल्यावर जे दिसलं ते सविस्तर लिहीत आहोत. असा माल मार्केट यार्डाच्या आसपास प्रत्येक हंगामात नव्या रंगात उभा असतो आणि घेणारा बहुतेक वेळा घाईत असतो.

या सौद्यात फसवणूक झाली ती पाटे, म्हणजे चाकांवरचं ओझं झेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवण्यावरून. पाटे लपवलेले नव्हते. उलट तेच दाखवून गाडी दणकट असल्याचं सांगितलं गेलं आणि वीस-पंचवीस हजार जास्त घेतले गेले. खरं तर जास्तीचे पाटे म्हणजे ही गाडी आजवर क्षमतेपेक्षा जास्त ओझ्याखाली राबली आहे याचा पुरावा. गिऱ्हाइकाने तो गुण समजून विकत घेतला.

पाट्यांचं गणित आधी समजून घ्या. सारख्या जाडीचे सहा पाटे होते तिथे आठ केले, तर स्प्रिंगचा कडकपणा साधारण एक तृतीयांशाने वाढतो. पण पाटा जाड घातला तर हिशेब जाडीच्या घनाच्या पटीत जातो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा म्हणजे तो एकटाच जवळजवळ दुप्पट कडक. या गाडीत मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे होते आणि ते दुसऱ्या मोठ्या टेंपोचे कापून बसवले होते. टोकाला गॅस कटरची खूण स्पष्ट दिसत होती. पाट्याच्या पोलादाला पाणी दिलेलं (तापवून-विझवून कडक केलेलं) असतं. कटर किंवा वेल्डिंगची आच लागली की तेवढ्या भागातलं पाणी उतरतं आणि पाटा तिथूनच मोडतो. बाकीचे मूळ पाटे थंडच ठोकून त्यांना कमान दिली होती. तशी कमान लोड पडला की महिन्या-दोन महिन्यांत बसते. पाटा नीट लाल करून, कमान देऊन, तेलात विझवून पुन्हा ताव दिला तरच ती टिकते. सौद्याच्या दिवशी मात्र दोन्ही प्रकारच्या गाड्या मागून सारख्याच ताठ उभ्या दिसतात.

पाटे कडक झाले म्हणून ओझं हलकं होत नाही. आधी जो धक्का पाटे वाकून पचवायचे, तो आता हँगर (पाटे चेसिसला टांगणारे कंस), शॅकलचे बुश (पाट्याच्या हलत्या टोकाच्या सांध्यातल्या गाद्या) आणि चेसिस यांना सरळ बसतो. ॲक्सल हाउसिंग, बेअरिंग, ड्रम, लायनर सगळं १.३ टनाच्याच मापाचं राहतं. म्हणून अशा गाडीच्या चेसिसला ठरलेल्या दोन जागी चीर जाते. एक, मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरच्या रिव्हेटजवळ. दुसरी, केबिन संपते आणि हौदा सुरू होतो तिथे, कारण वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो.

या गाडीत दुसऱ्या जागी जुनी चीर होतीच. विकणाऱ्याने तिच्यावर सहा मिलिमीटरची पट्टी उभी वेल्ड केली होती, वर पुट्टी भरली होती आणि मग खालच्या सगळ्या अंगाला काळा जाड अंडरकोट मारला होता. उभ्या वेल्डिंगने चीर बुजत नाही. पट्टीच्या काठावर पोलाद कडक होतं आणि नवी चीर वेल्डच्या रेषेने जाते. इथे तसंच झालं. चेसिसची चीर जोडायचीच असेल तर चिरेच्या टोकाला छिद्र पाडून ती आधी थांबवतात, खाच करून भरतात आणि वर तिरक्या टोकांची लांब पट्टी अशी लावतात की वेल्ड चेसिसच्या वरच्या-खालच्या पात्याला (आडव्या कडेला) आडवा छेदून जाणार नाही. एवढं करूनही ती गाडी जुन्या क्षमतेची राहिली असं कोणी छातीठोक सांगू नये.

अंडरकोट नवा दिसला की संशय घ्या. जुन्या पिकअपच्या पोटाला माती, तेल आणि गंज असायलाच हवा. तार ब्रशने केबिनच्या मागची वीतभर जागा दोन्ही बाजूंनी घासून बघू द्या म्हणा. नाही म्हटलं तर सौदा तिथेच सोडा. घासलेल्या जागी लोहचुंबक लावा. तो चिकटत नसेल तर खाली पुट्टी आहे. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, त्यासाठी थोडं डिझेल चोळा, पाच मिनिटांनी कापडाने कोरडं पुसा आणि वर पांढरा खडू घासा. चीर असेल तर आत मुरलेलं डिझेल हळूहळू खडूवर ओलसर रेघ उमटवतं. याला खर्च शून्य आहे, आणि या गाडीवर हे केलं असतं तर पाच लाखांवरचा व्यवहार झालाच नसता.

त्यानंतर टेप काढा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर डाव्या आणि उजव्या बाजूला मोजा, स्टिअरिंग सरळ ठेवून. दहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकला आहे किंवा चेसिस वाकली आहे. अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते, मागून येणाऱ्याला ते लगेच कळतं. या गाडीत फरक अठरा मिलिमीटर होता. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्टही जुनेच होते. पाट्यांची चवड उंच झाल्यावर लांब यू-बोल्ट लागतात, ते न घेता जुन्यांच्याच शेवटच्या दोन-तीन आट्यांवर नट चढवले होते. यू-बोल्ट एकदा ताणला की पुन्हा वापरायचा नसतो. नवा घातल्यावरही पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर लोड असताना पुन्हा आवळावा लागतो.

ब्रेकबद्दल जरा जास्त लिहावं लागेल, कारण इथे पैशांपेक्षा जिवाचा प्रश्न आहे. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलवर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह चेसिसला आणि त्याचा दांडा ॲक्सलला. लोड पडला, चेसिस खाली बसली की दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. पाटे वाढवून गाडी उंच आणि कडक केली की तीन टन भरूनही चेसिस पुरेशी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचा दाब कमी ठेवतो. सगळं ओझं पुढच्या डिस्कवर येतं. तुळजापूरच्या घाटात उतरताना डिस्क तापून पेडल मऊ पडतं ते यामुळेही. काही ठिकाणी याचा इलाज म्हणून दांडा तारेने वर बांधून टाकतात. मग रिकाम्या गाडीत पावसात ब्रेक दाबला की मागची चाकं लॉक होऊन गाडी गोल फिरते. या गाडीचा दांडा तारेने बांधलेलाच होता. गाडीखाली वाकून मागच्या ॲक्सलकडे बघितलं तर हे अर्ध्या मिनिटात दिसतं, म्हणून बघाच. दांडा सुटा, वाकलेला किंवा बांधलेला असेल तर ती गाडी चालवून बघायलाही मुख्य रस्त्यावर नेऊ नका.

उंची वाढली की प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याचा) कोनही बदलतो. पन्नास-साठच्या वेगाला खालून घरघर येते आणि शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात. विकणारा ‘टायर बॅलन्सिंग करा, जाईल’ म्हणतो. ती बॅलन्सिंगने जात नाही.

‘नवे’ टायर रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले) निघाले. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३२१७ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कोरी आणि शिक्का कित्येक वर्षांपूर्वीचा, तर उत्तर समोरच आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या डांबरावर ओव्हरलोड रिमोल्डचा पट्टा सुटायला वेळ लागत नाही. शिवाय मूळ मापापेक्षा मोठा टायर घातला की मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग आणि कमी किलोमीटर दाखवतो, हेही धरून चला.

इंजिनच्या बाबतीत एकच अट घाला: गाडी आपल्यासमोर थंड असताना सुरू करायची. बॉनेटला हात लावून बघा, कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. इथे ऑइलमध्ये घट्ट करणारं रसायन घातलं होतं. त्यामुळे आठवडाभर निळा धूर दिसला नाही. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. झाकण उडायला लागलं आणि धुराचे फुगारे आले तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत.

आता वजनकाटा. शहराभोवती काटे भरपूर आहेत, रिकामी गाडी सौद्याआधी काट्यावर चढवा आणि पावती घ्या. आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) रिकामं वजन आणि एकूण वजन दोन्ही छापलेलं असतं. आरसीवरच्या एकूण वजनातून काट्यावरचं रिकामं वजन वजा करा, जे उरेल तेवढाच माल कायद्याने भरता येतो. या गाडीला जाड पाटे, लोखंडी चॅनेल, वाढवलेला फाळका आणि हौद्याच्या वरची जाळी धरून २४० किलो जास्त भरले. म्हणजे पाच पिशव्यांची क्षमता घटली. जिला साठ पिशव्यांची गाडी म्हणून विकलं, तिच्यात नियमाने एकवीसच बसत होत्या.

आणि नियम मोडला तर काय, तेही स्पष्ट माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत आणि उतरवण्याचा खर्चही आपलाच. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलाबद्दल कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक म्हणजे आजचा मालक. पाटे आधीच्याने घातले हे उत्तर रस्त्यावर चालत नाही. अपघात झाला तर विम्याचा सर्वेअर आधी गाडीखालीच बघतो आणि दावा अडतो तो तिथेच. ‘पासिंग झालंय ना’ यावरही जाऊ नका. पासिंगच्या दिवशी पाटे आणि जाळी उतरवतात, संध्याकाळी परत चढवतात. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचं पासिंग दोन वर्षांचं असतं आणि पुढे दरवर्षी, त्यामुळे हा खेळ पुढच्या तारखेला तुमच्या गळ्यात येतो.

कागदांत या व्यवहारात दोन भोकं होती. बोजा, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, उतरलेला नव्हता. फायनान्स कंपनीचं एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ ‘आठवड्यात येतो’ म्हणून पूर्ण रक्कम घेतली गेली. दुसरं, विकणारा आरसीवरचा मालक नव्हताच. मूळ मालकाने सह्या केलेले मालकी बदलाचे कोरे फॉर्म २९ आणि ३० हातोहात फिरत आले होते. वाहन पोर्टलवर गाडी नंबर टाकला की बोजा, फिटनेस, विमा आणि काळ्या यादीची नोंद दिसते. ई-चलनं वेगळी तपासावीत. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, ते मागा. गाडी विजयपूर किंवा कलबुर्गीकडची, म्हणजे केए-२८ किंवा केए-३२ असेल तर तिथल्या आरटीओचं एनओसी हातात आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. महाराष्ट्राचा कर कोण भरणार तेही लिहून घ्या. चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो, त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. पेन्सिलने कागदावर त्याचा ठसा घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. आजूबाजूचं पोलाद घासलेलं, खोलगट किंवा वेगळ्या रंगाचं दिसलं तर थांबा. विकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: आरसीवर नाव आहे तोवर अपघाताची जबाबदारी तुमचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. कोरे फॉर्म सही करून देऊ नका.

स्टॅम्पवर ‘गाडी जशी आहे तशी पाहून घेतली’ अशी ओळ होती, म्हणून घेणाऱ्याला वाटलं आता काहीच करता येणार नाही. ते बरोबर नाही. दोष माहीत असून पुट्टीखाली लपवणं वेगळं आणि वापरामुळे झालेली झीज वेगळी. फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली देता येते. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला गाडी घेतली असेल तर व्यापाऱ्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, मुदत दोन वर्षांची. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी विचारून घ्या. त्यासाठी एक पथ्य कडक पाळावं लागतं: दोष सापडल्यावर लगेच दुरुस्तीला हात घालायचा नाही. चीर, पट्टी, बांधलेला दांडा, टायरचे शिक्के, काट्याची पावती, सगळ्याचे तारखेसह फोटो, गॅरेजचा लेखी अहवाल आणि मगच वकिलाची नोटीस. या शेतकऱ्याने घाबरून पहिल्याच दिवशी चीर वेल्ड करून घेतली होती. नशिबाने वेल्डरच्या पोराने काम करण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढून ठेवले होते. नोटिशीला तेच जोडले आहेत.

ज्यांना खरंच जास्त माल न्यायचा आहे त्यांनी १.७ किंवा २ टनी मॉडेलच घ्यावं. जुन्या गाडीचे पाटे बसले असतील तर कंपनीच्या मापाचा पूर्ण संच दोन्ही बाजूंना एकदमच बदलावा, सोबत नवे सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि बुश. एका बाजूचा एकच पाटा बदलला तर गाडी दुसऱ्या बाजूला कलते आणि नवा पाटाच आधी मोडतो.