सिगारेट सोडताना : क्विटलाइन, निकोटिन गम आणि माझे सात महिने

कोल्हापुरातल्या उद्यमनगरात माझे लहानसे मशीन शॉप आहे आणि तिथे बावीस वर्षे मी रोज चौदा-पंधरा सिगारेटी ओढत होतो. सात महिन्यांपूर्वी मी त्या सोडल्या. त्यासाठी जे जे वापरले, त्यातले काय कामी आले आणि कशावर पैसे वाया गेले, हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण सोडू पाहणारा माणूस बहुधा चुकीच्या जागी सुरुवात करतो. मीही तशीच केली होती.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो ज्याला एक पैसा पडला नाही, त्या राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या मोफत फोनसेवेचा. क्रमांक १८००-११-२३५६. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली ही सेवा सुरू झाली, पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलसह आणखी केंद्रे जोडली गेली आणि मराठीतून बोलण्याची सोय झाली. १ सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापणे सक्तीचे आहे. तरीही तो मला अनेक वर्षे ठाऊक नव्हता, याचे कारण मी पाकीट कधी घेतच नसे. टपरीवर जायचे, एक सुटी सिगारेट मागायची, दोरीला टांगलेल्या लायटरवर पेटवायची आणि निघायचे. पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारे ते चित्र आणि खालचा क्रमांक टपरीवाल्याच्या बाजूला राहतो, ओढणाऱ्याच्या हाती येतच नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली ती याचसाठी. पण ती बंदी टपरीपर्यंत पोहोचलेली मला तरी दिसली नाही. माझ्या मुलाने एका रिकाम्या पाकिटावरून क्रमांक उतरवून माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा कुठे मी फोन केला.

समुपदेशक ताईंनी उपदेशाचा एक शब्दही काढला नाही. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘दादा, सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने?’ मी म्हणालो, वीस मिनिटांत, चहाचा कप हातात असतानाच. नंतर त्यांनी मला दिवसभराच्या प्रत्येक सिगारेटची जागा, वेळ आणि सोबत कोण असते ते एकेक करून सांगायला लावले. सांगता सांगता माझ्याच लक्षात आले की पंधरापैकी जेमतेम पाच-सहा सिगारेटी मला खरोखर हव्या असत. उरलेल्या केवळ हात रिकामा आहे किंवा शेजारच्याने पुढे केली म्हणून ओढल्या जात. त्यांनी सोडण्याची तारीख माझ्याकडूनच ठरवून घेतली, ती वहीत लिहायला लावली आणि तलफ आली की घड्याळ बघून दहा मिनिटे थांबायचे, पाणी प्यायचे, जागा बदलायची, असे सांगितले. हे ऐकायला साधे वाटते. पण तलफेची लाट काही मिनिटांतच ओसरते, हे घड्याळ लावून स्वतः पाहिल्यावर माणसाला जो धीर येतो, तो कोणत्याही पोस्टरने येत नाही. पहिले तीन दिवस फार कठीण गेले. चिडचिड, झोप नाही, कामात लक्ष नाही. नेमके त्याच दिवसांत त्यांचा फोन आपणहून आला, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल त्या आपणहून येणाऱ्या फोनमध्ये आहे. वेळ मात्र सकाळी ८ ते रात्री ८ अशी आहे आणि सोमवारी सुट्टी असते, म्हणून तारीख ठरवताना पहिले दोन-तीन दिवस सोमवारी येणार नाहीत एवढे पाहावे.

आता निकोटिन गम, म्हणजे सिगारेटऐवजी थोडे थोडे निकोटिन देऊन तलफ शमवणारा च्युइंगम. हा प्रकार चांगला आहे, पण तो कसा खायचा हे कुणी सांगत नाही, आणि चुकीचा खाल्ला तर माणूस दोन दिवसांत टाकून देतो. राजारामपुरीतल्या एका औषधाच्या दुकानात मला ४ मिलिग्रॅमची पट्टी डॉक्टरांची चिठ्ठी न बघता मिळाली, वास्तविक चिठ्ठीशिवाय फक्त २ मिलिग्रॅमचा गम घेता येतो, आणि वापराबद्दल एक अक्षर सांगण्यात आले नाही. मी तो साध्या च्युइंगमसारखा भराभर चघळला. निकोटिन लाळेबरोबर पोटात गेले आणि तासभर उचक्या व छातीत जळजळ. खरी रीत अशी, की सावकाश काही वेळा चावायचे, जिभेला झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की थांबायचे आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. चव गेली की पुन्हा थोडे चावायचे आणि जागा बदलून ठेवायचा. एक गम असा अर्धा तास चालतो. आधीची पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषले जात नाही. आपल्याकडे दर तासाला चहा येतो, त्यामुळे हा एक नियम पाळणे मला सगळ्यांत जड गेले. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग हळूहळू अंतर वाढवत बारा आठवड्यांत बंद, असे वेळापत्रक असते. माझा गमचा खर्च सिगारेटच्या खर्चाहून कमीच झाला. हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

ब्युप्रोपियॉन आणि व्हॅरेनिक्लिन या तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही असतात, पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. फिट येणाऱ्यांना ब्युप्रोपियॉन चालत नाही. मला त्यांची गरज पडली नाही. ‘न सांगता व्यसन सोडवा’ अशा जाहिरातीतली एक पावडर मी क्विटलाइनच्या आधी मागवली होती. डब्यावर घटकांची यादी नव्हती आणि परिणाम शून्य. ते पैसे गेले.

एक उणीव मला मनापासून खटकते. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू, मावा, गुटखा असे धूररहित प्रकार वापरणारे २४.४ टक्के आहेत. त्यामुळे आपल्या भागातली शिबिरे तोंडाच्या कर्करोगाभोवतीच फिरतात, आणि ते योग्यही आहे; पण सिगारेट ओढणारा तिथे मागे बसतो आणि हे आपल्यासाठी नव्हे, असे समजून उठून जातो. दोन बोटांमधली ती मोकळी जागा, जेवणानंतरचा तो झुरका, याबद्दल बोलणारे माणूस त्याला भेटत नाही. मला ते फोनवर भेटले.

एकेचाळिसाव्या दिवशी एका लग्नात जुन्या मित्रांबरोबर मी दोन सिगारेटी ओढल्या आणि सगळे संपले असे वाटून दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. ताई रागावल्या नाहीत. सिगारेट कुणी दिली, तेव्हा हातात काय होते, पोटात काय होते, एवढेच त्यांनी शांतपणे विचारले आणि वहीच्या त्याच पानावर जुन्या तारखेखाली नवी तारीख लिहायला सांगितली. पुढच्या महिन्यात त्याच मित्रांच्या घरी जेवण होते. तांबडा-पांढरा झाल्यावर ते अंगणात गेले, तेव्हा मी गम गालात दाबून वहिनींबरोबर आत बसून राहिलो.