लॅमिंग्टन रोडला व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेला जुना) मर्फी रेडिओ दुरुस्त करून घेतला, तपासणीला नेव्हीतले आजोबा

आधी निकाल सांगते. काम एक नंबर, वेळेच्या नावाने बोंब, आणि पक्कं बिल मागायला जाऊ नका. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो फोन न उचलण्याबद्दल. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण दुरुस्ती करणाऱ्या दुकानदार काकांनीच हात जोडून सांगितलंय की आधीच सेट ठेवायला जागा नाही, अजून गिऱ्हाईक पाठवू नका. ग्रँट रोड स्टेशनला ईस्टला उतरून लॅमिंग्टन रोडला लागलं की सीसीटीव्ही आणि लॅपटॉपवाल्यांच्या गर्दीत एका जुन्या बिल्डिंगच्या जिन्याखाली आहे, चार जणांना विचारलंत तर पाचवा सांगेल.

सेट आमच्या आजोबांचा. लाकडी कॅबिनेटचा मर्फी, चालू केला की नुसतं घूं घूं आणि थोड्या वेळाने जळकट वास. आजोबा स्वतः रेडिओवाले, नेव्हीत होते, जामनगरच्या वलसुरा या नेव्हीच्या ट्रेनिंग तळावर शिकलेले आणि ७१च्या लढाईत इथेच मुंबईत डॉकयार्डच्या वर्कशॉपला होते. आता हात थरथरतात म्हणून सोल्डरिंग सोडलंय, पण दुसऱ्याने केलेलं बघवतही नाही. त्यामुळे मला खरी भीती रेडिओची नव्हती, आजोबा त्या काकांना काय बोलतील याची होती.

तर काकांनी मागचा पुठ्ठा काढला, आणि सगळ्यात आधी काय केलं तर एक रेझिस्टर लावून मोठे कंडेन्सर (वीज साठवणारे पार्ट) डिस्चार्ज केले. प्लग काढलेला असला तरी त्यात अडीचशे व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, आणि बरेच लोक सरळ स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडतात. आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि स्टुलावर बसले. बसले म्हणजे पास. नंतर चालू सेटवर मीटर लावताना काकांचा डावा हात पाठीमागे होता, तेव्हा तर आजोबा म्हणाले, "कुठे शिकलात हो तुम्ही?" (एक हात लांब ठेवायचा म्हणजे चुकून शॉक बसलाच तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात छातीमधून जात नाही. वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवायचे म्हणे.)

मग दोघांची गाडी जी सुरू झाली ती मला थांबवता येईना. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात, वीर या बोटी कराचीवर गेल्या हे सगळ्यांना माहितीये, म्हणून तर नेव्ही डे असतो, पण आजोबांची त्या युद्धाची आठवण म्हणजे ब्लॅकआउटमध्ये काळा कागद लावलेल्या खिडक्या आणि टेबलावर उघडलेले रिसीव्हर. लोकांना वाटतं रेडिओ सायलेन्स म्हणजे रेडिओवाल्याला सुट्टी. उलट! जहाजाने बोलायचं नाही पण किनाऱ्यावरून येणारं सगळं ऐकायचं, आणि उत्तर देता येत नाही म्हणजे "परत सांगा" म्हणायचीही सोय नाही, त्यामुळे एक शब्द खरखरीत गेला तर गेलाच. म्हणून रिसीव्हर चोवीस तास ठणठणीत हवा. ९ डिसेंबरला आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिच्यावरचा एक सेट आजोबांच्या टेबलावरून गेला होता. याच्या पुढे ते बोलत नाहीत आणि काकांनीही विचारलं नाही, कंडेन्सरचा डबा शोधायला लागले.

काय काय बदललं ते सांगते, कारण कोटेशन घेताना उपयोग होईल. फिल्टरचे कंडेन्सर आणि सगळे जुने पेपर कंडेन्सर, मेन्सची वायर, आणि एक आउटपुट व्हॉल्व्ह. बाकीचे व्हॉल्व्ह टेस्ट करून तसेच ठेवले, उगाच बिल फुगवलं नाही. जुने काढलेले पार्ट पुडीत बांधून हातात दिले, हे मला फार आवडलं. साडेचार हजार घेतले. महाग वाटेल, पण कॅबिनेटला एक ओरखडा नाही आणि डायलची दोरीही नवीन घातली.

डिलिव्हरीला आजोबांनी खिशातून ट्रान्झिस्टर काढला. तो १०४४ किलोहर्ट्झवर म्हणजे आकाशवाणी मुंबईवर लावून मर्फीशेजारी ठेवला आणि मर्फीचा काटा हळूहळू ५९०च्या आसपास आणला, तर ट्रान्झिस्टरमधून शिट्टी! झालंय असं की अशा सेटच्या आत एक ऑसिलेटर (स्वतःची लहर तयार करणारा भाग) असतो, तो लावलेल्या स्टेशनपेक्षा साधारण ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो आणि थोडासा बाहेरही सांडतो, म्हणजे नुसतं ऐकणारा रेडिओसुद्धा बारीक आवाजात बोलत असतो. ५९०मध्ये ४५५ मिळवले की जवळपास १०४४च, ती लहर स्टेशनच्या लहरीत मिसळली की शिट्टी. शिट्टी जागच्या जागी आली म्हणजे अलाइनमेंट, म्हणजे काटा आणि आतलं सर्किट यांचा मेळ, बरोबर. काका हसायला लागले, म्हणाले, हे मी काल रात्रीच करून बघितलं. आजोबांनी वर सांगितलं की दुसऱ्या महायुद्धात याच कारणाने अमेरिकन जहाजांवर खलाशांना स्वतःचे रेडिओ लावायला बंदी होती, पाणबुडीला ती सांडलेली लहर सापडली तर? मग त्यांच्या नेव्हीने गाणी ऐकायलासुद्धा खास शिल्डिंगवाले, लहर बाहेर सांडू न देणारे सेट घेतले. मी इतकी वर्षं आजोबांची नात आहे आणि हे मला एका जिन्याखालच्या दुकानात कळलं.

आता तक्रार. गणपतीच्या आधी देतो म्हणाले आणि दिवाळीचे कंदील लागले तेव्हा दिला. मध्ये फोन केला तर उचलत नाहीत, प्रत्यक्ष गेलं की "तुमचंच काम चालूये" आणि आपला सेट मात्र वरच्या फळीवर. आजोबा म्हणे घाई करू नको, घाईचं सोल्डर कोरडं पडतं. मी गिरगावात राहते म्हणून हेलपाटे जमले, कल्याण-डोंबिवलीवाल्यांनी विचार करा.

अजून एक, घरी आणल्यावर खरखर आली तर लगेच काकांवर चढू नका. आमच्याकडे एलईडी बल्ब आणि मोबाइलच्या चार्जरने मिडियम वेव्हची वाट लावली होती, ते बंद करून गॅलरीत लांब वायर टाकली तर आवाज स्वच्छ. रविवारी दुकान बंद असतं. आणि कॅश घेऊन जा, जीपे त्यांच्या मुलाच्या फोनवर आहे आणि मुलगा पाचनंतर येतो.