विवरणपत्र कोणी मांडावे: आयकर खात्याने, आपण, की सीएने?

ठाणे महानगरपालिका मालमत्ता कराचे देयक स्वतः तयार करून पाठवते आणि महावितरण मीटर वाचून विजेचे बिल देते. दोन्ही ठिकाणी नागरिकाने आकडा तपासायचा, चुकला असेल तर तक्रार करायची आणि पैसे भरायचे, एवढेच असते. आयकर मात्र आपणच मोजायचा, आपणच जाहीर करायचा आणि मोजण्यात चूक झाली तर दंडही आपणच सोसायचा, अशी रीत आहे. पगार किती दिला हे मालकाने, व्याज किती दिले हे बँकेने आणि शेअर किती विकले गेले हे डिपॉझिटरीने, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणाऱ्या संस्थेने, खात्याला आधीच कळवलेले असताना तेच आकडे करदात्याने पुन्हा का लिहून द्यावेत, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

प्रत्यक्षात खाते अर्धी वाट चालून आलेले आहे. जून २०२१ मध्ये नवे पोर्टल आले, त्याच वर्षी नोव्हेंबरात वार्षिक माहिती विवरण, म्हणजे मालक, बँका वगैरेंनी आपल्याविषयी कळवलेले आकडे एकत्र दाखवणारे एआयएस, सुरू झाले आणि आता बहुतेक पगारदारांच्या विवरणपत्रातील बरेच रकाने उघडतानाच भरलेले दिसतात. त्यामुळे ठाण्यातील वा नवी मुंबईतील करदात्यापुढे आज तीन मार्ग आहेत: समोर आलेला मसुदा तसाच मान्य करावा, तो बाजूला ठेवून आपल्या कागदांवरून हिशेब मांडावा, किंवा सगळे सीएच्या हाती सोपवावे. यांपैकी कोणता मार्ग बरा, हे उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा ते किती ठिकाणांहून येते यावर अधिक ठरते, असे माझे मत आहे.

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधील एखाद्या कंपनीत वर्षभर एकच नोकरी, एक बचत खाते आणि एखादी मुदतठेव असलेल्या माणसाच्या बाबतीत मला सरकारी मसुद्याची बाजू निर्विवाद वरचढ वाटते. २०२३-२४ पासून नवी करप्रणालीच मूळ पर्याय मानली जाते आणि तिच्यात वजावटी जवळजवळ नाहीतच; पगारातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की हिशेब संपतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, पण मूळ करमुक्त मर्यादा ४ लाखांची असल्याने तिच्यावर उत्पन्न असलेल्याला विवरणपत्र भरावेच लागते. म्हणजे आपल्याला कर लागत नाही हे खात्यालाच ठाऊक असलेल्या माहितीवरून खात्यालाच कळवायचे. एवढ्यासाठी कोणी सीएचे हजार-दोन हजार रुपये का मोजावेत, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

नोकरी बदललेल्याच्या बाबतीत तर मसुदा माणसाहून जास्त सावध ठरतो. वर्षाच्या मध्यावर कंपनी बदलली आणि आधीचा पगार नव्या मालकाला कळवला नाही, तर दोन्ही मालक करमुक्त मर्यादेचा आणि प्रमाणित वजावटीचा फायदा वेगवेगळा देऊन मोकळे होतात आणि कर कमी कापला जातो. हाताने हिशेब करणारा अनेकदा फक्त दुसऱ्या मालकाचा फॉर्म १६, म्हणजे पगाराचे आणि कापलेल्या कराचे प्रमाणपत्र, घेऊन बसतो. एआयएसमध्ये दोन्ही पगार दिसतात, त्यामुळे उरलेला कर नोटीस येण्याआधीच लक्षात येतो.

वजावटी देणारी जुनी प्रणाली निवडणाऱ्यांचे मात्र असे नाही. घरभाडे भत्त्याच्या सवलतीत मूळ पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा मुंबईसारख्या, नियमात नाव असलेल्या मोजक्या शहरांपुरतीच आहे, ठाणे आणि नवी मुंबई ४० टक्क्यांत येतात. आणि भाड्याचे घर कोठे आहे ते पाहायचे असते, कचेरी कोठे आहे ते नव्हे. घणसोलीत राहून नरिमन पॉइंटला रोज जाणाऱ्यालाही म्हणून ४० टक्केच. कंपनीच्या पगार विभागाने ‘मुंबई’ समजून ५० टक्के धरले, तर तीच चूक फॉर्म १६ मध्ये जाते आणि तेथून मसुद्यात येते. मसुदा मूळ कागदापेक्षा शहाणा असू शकत नाही. स्वतः हिशेब मांडणारा ही चूक पकडू शकतो, अर्थात हा नियम त्याला ठाऊक असेल तर.

ज्येष्ठांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण विवरणपत्रच भरायला लावू नये हा प्रयोग आपल्याकडे त्यांच्यावरच झाला आहे. १९६१ च्या कायद्यात २०२१ साली घातलेल्या कलम १९४पी नुसार, ज्या ७५ वर्षे वा अधिक वयाच्या निवासी नागरिकाला फक्त निवृत्तिवेतन आणि त्याच विनिर्दिष्ट बँकेतील व्याज मिळते, त्याने बँकेला घोषणापत्र दिले की बँकच वजावटी धरून कर मोजते, कापते आणि त्याची विवरणपत्रातून सुटका होते. कल्पना उत्तम आहे, परंतु ‘त्याच बँकेतील’ या दोन शब्दांनी तिचे दार फार अरुंद केले. नौपाड्यातल्या किंवा चरईतल्या निवृत्त माणसाचे निवृत्तिवेतन राष्ट्रीयीकृत बँकेत, काही ठेवी सहकारी बँकेत, काही टपाल कार्यालयात आणि उरलेली पुंजी ओळखीच्या पतपेढीत असते. सगळे पैसे एका ठिकाणी ठेवू नयेत हेच तर तो आयुष्यभर मुलांना सांगत आलेला असतो. अशा माणसाला या कलमाचा काहीच उपयोग नाही.

पतपेढीचा मुद्दा मसुद्यालाही लागू होतो. सहकारी पतसंस्थेने सभासदाला दिलेल्या व्याजावर, मोठ्या उलाढालीच्या संस्था वगळता, टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापावा लागत नाही. त्यामुळे ते एआयएसमध्ये बहुधा उमटतच नाही, पण करपात्र मात्र असते. माझ्या आईच्या मसुद्यात पतपेढीचे व्याज अजिबात नव्हते आणि संयुक्त ठेवीचे सगळे व्याज पहिले नाव तिचे म्हणून तिच्याच खाती दिसत होते, जरी त्या ठेवीतील पैसे वडिलांचे होते. एक आकडा कमी, दुसरा जास्त, आणि दोन्ही मसुद्याच्या दृष्टीने बरोबर.

खारघरचा फ्लॅट भाड्याने दिलेला असेल, तर महिना ५०,००० रुपयांपर्यंतच्या भाड्यावर व्यक्ती असलेल्या भाडेकरूला कर कापावा लागत नाही. तेव्हा ते भाडे आणि त्यातून वजा जाणारा मालमत्ता कर घरमालकानेच लिहायचा. घर विकले असेल, तर मसुद्याच्या भरवशावर मुळीच राहू नये. ५० लाख वा अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का कर कापतो म्हणून विक्रीची रक्कम खात्याला कळते, पण ते घर किती रुपयांना घेतले, मुद्रांक शुल्क किती भरले, हे मसुद्यात येत नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीला १२.५ टक्के दर आणि महागाई निर्देशांक धरून येणारा २० टक्के दर यांत ज्याचा कर कमी तो पर्याय मिळतो, आणि हा हिशेब करायला सीएच हवा. शेअर-म्युच्युअल फंडांची खरेदीविक्री वरचेवर करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आता ज्या मुद्द्यावर माझ्या मते सगळी तुलना फिरते तो: चुकले तर भरायचे कोणी? आज मसुदा खाते तयार करते, पण माहिती अपूर्ण असू शकते आणि पूर्ण माहिती देणे करदात्याचेच काम आहे, हे तेच खाते एआयएसमध्ये बजावून सांगते. उत्पन्न कमी दाखवले तर त्यावरील कराच्या ५० टक्के आणि चुकीचे दाखवले असे ठरले तर २०० टक्के दंडाची तरतूद आहे. ज्याला पैसे घ्यायचे आहेत त्यानेच हिशेब लिहावा आणि चुकीची जोखीम देणाऱ्यावर ठेवावी, ही व्यवस्था मला अर्धवट वाटते. खात्याने मसुदा अंतिम करण्यास माझी हरकत नाही, उलट ते व्हायला हवे. मात्र जी माहिती खात्याकडे होती आणि तरीही मसुद्यात आली नाही, तिच्यासाठी दंड वा व्याज लावणार नाही, असे कायद्यात लिहिलेले असावे. सीएकडे गेल्यानेही जबाबदारी टळत नाही, सही आपलीच असते. पण निदान नोटीस आल्यावर विचारायला एक माणूस असतो.

बाहेरचे अनुभव याच दिशेने बोट दाखवतात. डेन्मार्क १९८८ पासून भरलेली विवरणपत्रे पाठवत आहे; नॉर्वेत करदाता गप्प राहिला तर मसुदा मान्य समजला जातो; ब्रिटनमध्ये १९४४ पासून पगारातूनच कर असा कापला जातो की बहुतेक नोकरदार विवरणपत्र भरतच नाहीत. ब्रिटनला हे जमते याचे एक कारण म्हणजे तेथे नोकरदाराला वजावटी मोजक्याच मिळतात, आणि आपली नवी प्रणालीही तिकडेच निघाली आहे. अमेरिकेत २०२४ साली १२ राज्यांत सरकारी संकेतस्थळावरून मोफत विवरणपत्र भरण्याची सोय प्रयोग म्हणून दिली गेली, पुढे ती वाढली आणि नंतर सरकार बदलल्यावर बंदही झाली.

मसुदा स्वीकारायचे ठरवले, तर निदान घाई करू नये. मालक आणि बँका शेवटच्या तिमाहीची माहिती ३१ मेपर्यंत देतात आणि फॉर्म १६ चा दिवस १५ जून असतो, म्हणून त्याआधी उघडलेला मसुदा अपुराच दिसणार. एआयएसमधील नोंद चुकीची असेल तर तेथेच हरकत नोंदवता येते. आणि विवरणपत्र पाठवल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने वा अन्य मार्गाने पडताळणी करावी. आमच्या इमारतीत दोघांचे परतावे अडकले होते, ते हिशेबाच्या चुकीमुळे नव्हे तर याच एका विसरलेल्या पायरीमुळे.